पिवळं काळीज, तपकिरी काळीज

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात माझ्या फुईच्या घरी (आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात) ओसरीच्या कोपऱ्यात एखादी खुडूक कोंबडी टोपलीत बसवलेली असायचीच. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू आली की मी ज्वारीच्या कण्यांची वाटी घेऊन धावायचो आणि फुई माझा हात धरायची. "आज नको भाऊ, त्यास्नं पोट भरेल शे." आत्ता अंड्यातून निघालेल्या, अंगाला कवचाचा कण चिकटलेल्या पिल्लाचं पोट कोणी भरलं, असं विचारलं की म्हणायची, "देवनी भरीसन धाडेल शे." म्हणजे देवानं भरूनच धाडलंय.

पुढे प्राणिशास्त्र शिकताना वर्गात एक रुक्ष विषय आला: यकृताची वाढ होत असताना मेद तयार करणाऱ्या एन्झाइमांच्या (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) क्रियाशीलतेत होणारे बदल. फळ्यावर आलेख काढले होते. पहिल्या आलेखाची रेघ अंड्यातल्या दिवसांत जमिनीला टेकलेली आणि पिल्लू दाणा टिपायला लागल्यावर एकदम उभी चढलेली. तो आलेख पाहताना मला ओसरीवरची टोपलीच दिसली. फुईचं म्हणणं त्या रेघेत होतं, फक्त देवाच्या जागी बलक होता.

आधी अंड्याचा हिशेब मांडू. पोल्ट्रीच्या पंचावन्न-साठ ग्रॅमच्या अंड्यात बलक साधारण १७-१८ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग चरबी, म्हणजे पाच-सहा ग्रॅम. साखर-पिष्ट मात्र अख्ख्या अंड्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आत वाढणाऱ्या गर्भाला बाहेरून काही मिळत नाही, कवचातून हवा तेवढी आत-बाहेर होते. त्यामुळे त्याला लागणाऱ्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा बलकातली चरबी जाळूनच येतो. निघायच्या एक-दोन दिवस आधी उरलेली बलकाची पिशवी पिल्लू पोटात ओढून घेतं. दिवसाच्या पिल्लाच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त, हाच शिल्लक बलक असतो. म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यांत भरून दोन-दोन दिवसांच्या प्रवासाला पाठवता येतात. नवापूरच्या रस्त्यावर अशी खोकी लादलेल्या गाड्या आम्ही लहानपणापासून पाहिल्या. (नवापूर म्हटलं की बाहेरच्यांना २००६ चा बर्ड फ्लूच आठवतो. देशातला पहिला उद्रेक तिथला, त्यामुळे इलाज नाही. पण तो वेगळा विषय.)

कॉलेजात प्रात्यक्षिकासाठी वाटेत मेलेली अशी पिल्लं आणली जायची. पोट उघडलं की पहिली नजर यकृतावर जायची, कारण ते पिवळं असायचं, हळद चोळल्यासारखं. मटणाच्या दुकानात आपण मागतो ती गडद तपकिरी कलेजी डोळ्यांसमोर ठेवून पाहिलं तर हे कोण्या दुसऱ्याच प्राण्याचं वाटावं. पिल्लू दाणा खात वाढलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत तेच यकृत तपकिरी होतं. मराठीत काळीज म्हणजे यकृतही आणि हृदयही. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं हा घोळ आहे, पण यकृताला इतका मान देणारी भाषा मला आवडते. यापुढे काळीज म्हणजे यकृतच समजा.

आता हे काळीज चरबी बनवतं म्हणजे नेमकं काय करतं ते पाहू.

आपण भाकरी खाल्ली, तिचं ग्लुकोज झालं, त्यातलं गरजेपुरतं जळलं. उरलेल्याचे यकृतात दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, त्यांना अ‍ॅसिटिल-कोए म्हणतात. हे तुकडे एकापुढे एक जोडत गेलं की मेदाम्लाची, म्हणजे चरबीच्या मुख्य घटकाची, लांब साखळी तयार होते. सगळ्यात नेहमीची साखळी पामिटिक आम्लाची, सोळा कार्बनची, म्हणजे आठ तुकडे. पण हे तुकडे आपणहून एकमेकांना जुळत नाहीत. पहिला तुकडा तसाच चालतो, उरलेल्या सातांना आधी कार्बन डायॉक्साइडचा एक कण चिकटवावा लागतो, मग ते मॅलोनिल-कोए होतात. गंमत अशी की जोडणी होताना तो चिकटवलेला कण पुन्हा निघून जातो. अंतिम मालात तो कुठेच दिसत नाही. लग्न जुळवून झाल्यावर मध्यस्थानं मांडवातून निघून जावं तसं. इराकमध्ये जन्मलेले सालिह वाकिल १९५८ मध्ये अमेरिकेत ही पायरी उलगडत होते, तेव्हा त्यांच्या हाताशी कबुतराच्या यकृताचा अर्क होता. कबुतरच का? कारण पक्ष्यांमध्ये चरबी बनवण्याचं मुख्य काम यकृताकडेच असतं, त्यामुळे ही एन्झाइमं तिथे भरपूर सापडतात. कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांवरच्या कामासाठी १९६४ चं नोबेल कोनराड ब्लॉख आणि फिओडोर ल्युनेन यांना मिळालं.

कार्बन डायॉक्साइड चिकटवणारं एन्झाइम म्हणजे अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज. त्याला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतं. साखळी ओढत नेणारं मोठं यंत्र म्हणजे फॅटी अ‍ॅसिड सिंथेज. एका पामिटिक साखळीसाठी या यंत्राला चौदा एनएडीपीएच लागतात. हे भट्टीतलं सरपण नव्हे, हायड्रोजन पुरवणारे हमाल समजा. कोंबडीत हे हमाल मुख्यतः मॅलिक एन्झाइम पुरवतं. नाव लक्षात ठेवा, पुढे तेच आलेखावर सगळ्यात उंच उडी मारणार आहे.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण मला ती या सगळ्यात सर्वात सुबक वाटते. मॅलोनिल-कोए हा नुसता कच्चा माल नाही, तो कुलूपही आहे. पेशीतल्या चरबी जाळायच्या भट्टीत मेदाम्लांना आत नेणारं एक दार असतं. मॅलोनिल-कोए वाढलं की ते दार बंद होतं. १९७७ मध्ये डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी हे दाखवलं. म्हणजे यकृत चरबी बनवत असेल तर त्याच वेळी ती जाळणार नाही, आणि जाळत असेल तर बनवणार नाही. एका हातानं रांजण भरायचा आणि दुसऱ्या हातानं त्याच्या बुडाला भोक पाडायचं, असा वेडेपणा पेशी करत नाही.

आता अंड्यातला गर्भ या नजरेनं पाहा. चरबी आयती येते आहे, दाराशी ढीग लागला आहे, तीच जाळून जगायचं आहे. अशा वेळी मॅलोनिल-कोए बनवणं म्हणजे आपलीच भट्टी विझवणं. म्हणून गर्भाच्या यकृतात कार्बोक्सिलेज, सिंथेज, मॅलिक एन्झाइम सगळी जवळपास निजलेली असतात.

ती निजलेली आहेत हे कळतं कसं? यकृताचा तुकडा बर्फात ठेवून वाटतात, वेगानं फिरवून गाळ खाली बसवतात आणि वरच्या निवळीत कच्चा माल घालून तो किती वेगानं संपतो ते मोजतात. एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. सिंथेज कामाला लागलं की एनएडीपीएच खर्च होतो आणि शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचा काटा उतरतो, मॅलिक एन्झाइम कामाला लागलं की काटा चढतो. काटा ज्या वेगानं हलतो तीच क्रियाशीलता. ही मोजणी वाचताना एक सावधगिरी हवी. क्रियाशीलता वाढली म्हणजे एन्झाइमाचे रेणू वाढलेच असं नाही. कार्बोक्सिलेजला फॉस्फेटची खुंटी मारली की ते काही मिनिटांत मंदावतं, काढली की पुन्हा चालतं, रेणू तेवढेच राहतात. सिंथेज आणि मॅलिक एन्झाइमाचं मात्र तसं नाही. त्यांचे रेणू नव्यानं घडवावे लागतात, त्याला तास आणि दिवस लागतात. पहिलं म्हणजे चालत्या मोटारीचं बटण, दुसरं म्हणजे नवीन मोटार विकत आणून बसवणं. वाढीच्या काळातले मोठे बदल बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असतात.

कोंबडीच्या पिल्लांवर या विषयातलं फार मोलाचं काम अ‍ॅलन गुडरिज यांनी केलं. पिल्लू बाहेर येऊन पिष्टाचा आहार घ्यायला लागलं की काही दिवसांत मॅलिक एन्झाइम दहा-वीस पट नव्हे, त्याहूनही कितीतरी अधिक वाढतं. सिंथेजही वाढतं, पण उडी तेवढी उंच नसते. आणि मुख्य म्हणजे पिल्लू बाहेर आलं पण त्याला दाणाच दिला नाही, तर ही वाढ होत नाही. तारखेला महत्त्व नाही, कवच फुटण्यालाही एकट्याला नाही. यकृत वाट पाहतं ती पिष्टाची.

मग प्रश्न उरतो तो असा, की गर्भाच्या यकृताला हे जमतच नसतं, की त्याला कोणी सांगितलेलं नसतं? यासाठी गर्भाच्या यकृतपेशी काढून बशीत वाढवल्या गेल्या. त्यांना थायरॉइडचं टी-३ संप्रेरक आणि इन्सुलिन दिलं तर न जन्मलेल्या पिल्लाच्या त्या पेशी मॅलिक एन्झाइम दणक्यात बनवू लागल्या. त्यात ग्लुकॅगॉन घातलं की काम ठप्प. ग्लुकॅगॉन हे उपाशीपोटीचं संप्रेरक, इन्सुलिन भरल्यापोटीचं. बाजार समितीत आवक झाली की हमाल-तोलाईवाले जमतात, आवक नसली की ओटे मोकळे. हमाल गावातच असतात, त्यांना बोलावणं यावं लागतं. अंड्यातल्या गर्भाच्या रक्तात पिष्टाची आवक नसते, म्हणून बोलावणं येत नाही. निघण्याच्या सुमाराला टी-३ आपणहून चढतं, म्हणजे अर्धी तयारी आधीच झालेली असते. उरलेली अर्धी कण्यांच्या वाटीवर.

फुईचं म्हणणं मात्र पुरतं बरोबर नव्हतं हेही नोंदवायला हवं. पोट भरलेलं असतं हे खरं, पण म्हणून पहिल्या दिवशी दाणा देऊच नये हे खरं नाही. उलट दाणा मिळालेली पिल्लं तो बलक उपाशी पिल्लांपेक्षा लवकर संपवतात, कारण आतडी हलायला लागतात. पोल्ट्रीवाले आता पिल्लं उतरवल्या उतरवल्या पाणी आणि खाद्य पुढे ठेवतात ते यासाठीच.

आतापर्यंत वाचून कोणाला वाटेल की अंड्यातलं यकृत म्हणजे नुसता आराम. तसं नाही, आणि शालेय पुस्तकांतून सहसा निसटतो तो भाग हाच. मेदाम्लाची साखळी बनवणं हे एक काम. तयार साखळ्या ग्लिसेरॉलला किंवा कोलेस्टेरॉलला बांधून साठवण्याजोगी चरबी करणं हे दुसरं. खानदेशी माणसाला हे पटकन कळेल: जिनिंग वेगळं, प्रेसिंग वेगळं. सरकीतून रुई काढणारं यंत्र बंद असलं तरी बाहेरून तयार रुई आली तर गाठी बांधणारं प्रेस चालूच राहतं. गर्भाच्या यकृतात जिनिंग बंद, प्रेसिंग जोरात. बलकातून आलेली मेदाम्लं कोलेस्टेरॉलला बांधून साठवली जातात. प्रात्यक्षिकात दिसणाऱ्या त्या पिवळेपणात ही साठवलेली चरबी आहे आणि तिच्याबरोबर आलेला बलकाचा रंगही.

गाठी बांधणाऱ्यांतलं एक एन्झाइम तर लहानपणीच दिसतं आणि मोठेपणी जवळजवळ नाहीसं होतं. त्याचं नाव मोनोअ‍ॅसिलग्लिसेरॉल अ‍ॅसिलट्रान्सफरेज. दूध पिणाऱ्या उंदराच्या पिल्लाच्या यकृतात ते प्रौढ उंदराच्या तुलनेत कित्येक शे पट क्रियाशील असतं. कोंबडीच्या गर्भातही ते सापडतं. एवढं कशाला हवं असेल? संशोधकांचा अंदाज असा: चरबी जाळताना आधी ती सुटी करावी लागते. सुट्या मालात काही साखळ्या साध्या, जाळायला हरकत नाही अशा, आणि काही मौल्यवान, मेंदू आणि पेशींच्या आवरणांसाठी लागणाऱ्या, ज्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. हे एन्झाइम तशा मौल्यवान साखळ्या धरलेले तुकडे जास्त आवडीनं उचलतं आणि पुन्हा गाठीत बांधतं. म्हणजे सरपणाच्या ढिगातून सागाच्या फळ्या बाजूला काढून ठेवणारा शहाणा माणूस. चरबीवर महिने काढणाऱ्या, शीतनिद्रेतल्या मार्मोटच्या (खारीच्या कुळातल्या एका प्राण्याच्या) यकृतातही ते वाढलेलं आढळलं आहे, त्यामुळे हा अंदाज मला तरी पटतो.

आता उंदराचा आलेख. तो कोंबडीच्या आलेखाला पालथा पाडतो असं पहिल्यांदा वाटतं. उंदराचं पिल्लू आईच्या पोटात असताना, शेवटच्या दिवसांत, त्याचं यकृत मेदाम्लं जोरात बनवत असतं. जन्मल्यावर रेघ कोसळते. तीन आठवड्यांनी दूध सुटतं आणि रेघ पुन्हा चढते. चढ, उतार, पुन्हा चढ. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेत कोंबडीचं उंदराला लावतात. पाठ करायची गरजच नाही, ताटात काय आहे ते पाहावं. पोटात असताना नाळेतून ग्लुकोज येतं, म्हणून यंत्र चालू. जन्मल्यावर आईचं दूध, आणि उंदराचं दूध भलतंच सायीचं, गायीच्या दुधाच्या दोन-तीन पट स्निग्ध, म्हणून यंत्र बंद. दूध सुटल्यावर धान्य, पुन्हा चालू. प्रयोग करून पाहिलं तेव्हा दूध सोडवून पिल्लांना भरपूर चरबीचाच आहार दिला तर रेघ फारशी चढली नाही. वेळेआधी दूध सोडवून पिष्ट दिलं तर रेघही वेळेआधी चढली.

तरी सगळंच ताटावर नाही. ग्लुकोज पेशीत अडकवून ठेवणारं ग्लुकोकायनेज नावाचं यकृताचं खास एन्झाइम उंदराच्या पिल्लात जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनीच दिसायला लागतं. काही गोष्टींना वय व्हावं लागतं.

आणि शेळी? आमच्या भागात कोंबडीइतकीच शेळी घरोघरी, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. शेळीचं यकृत हे काम मनावर घेतच नाही, ना करडू असताना, ना मोठेपणी. ती खाते तो पाला आणि कडबा पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव आंबवून टाकतात. रक्तात ग्लुकोज फारसं पोहोचत नाही, पोहोचतात अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी आम्लं. यकृत बिचारं प्रोपिओनेटपासून ग्लुकोज बनवण्यातच गुंतलेलं. चरबी बनते ती चरबीच्याच पेशींत, अ‍ॅसिटेटपासून, आणि दुभत्या शेळीच्या कासेत. कासेतली साखळी पुष्कळदा सोळापर्यंत जातच नाही, सहा, आठ, दहावरच तुटते. या आखूड साखळ्यांना कॅप्रॉइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लं म्हणतात. लॅटिनमध्ये शेळीला काप्रा म्हणतात, त्यावरूनच ही नावं. शेळीच्या दुधाचा तो वास ज्यांना सहन होत नाही, त्यांची तक्रार थेट या साखळ्यांच्या लांबीबद्दल असते.

माणसाचं यकृत या बाबतीत उंदरापेक्षा कोंबडीच्या जवळचं आहे. आपल्यातही नवी चरबी मुख्यतः यकृतच बनवतं. पण पिल्लांचे आकडे उचलून बाळांना लावू नयेत.

तर पिल्लाची तलंग झाली, काळीज तपकिरी आहे, यंत्र धान्यावर चालू आहे. पाच महिन्यांच्या सुमाराला ती अंड्यावर येते आणि दुसरी चढण सुरू होते. या वेळी बोलावणं ताटातून येत नाही, अंडाशयातून येतं. इस्ट्रोजेन हे तिथलं संप्रेरक वाढलं की यकृतातली मेद बनवणारी एन्झाइमं आणखी वर जातात, चरबी प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून रक्तात सोडली जाते आणि अंडाशयात बलकात जाऊन बसते. एका अंड्यामागे पाच-सहा ग्रॅम. आपल्या मानानं हा आकडा लहान वाटेल, पण दीड किलोची कोंबडी हे जवळजवळ रोज करते. पिंजऱ्यात बसून मक्याचं खाद्य पोटभर आणि हालचाल नाही, अशा कोंबड्यांत बनवणं पाठवण्याच्या पुढे निघून जातं. यकृत चरबीनं फुगतं, ठिसूळ होतं, प्रसंगी आतल्या आत फाटून रक्तस्राव होतो आणि चांगली अंडी देणारी कोंबडी सकाळी मेलेली सापडते. उन्हाळ्यात असे प्रकार जास्त होतात, आणि आमच्याकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. अंगणात उकरत फिरणाऱ्या फुईच्या कोंबड्यांना हा आजार झालेला मी पाहिला नाही. त्यांना मुंगूस न्यायचं.

अंड्यावरची कोंबडी कापली तर तिची कलेजी फिकट निघते, पिवळसर झाक असलेली. फुईला वाटायचं कोंबडी आजारी होती. आजारी नव्हती. टोपलीतल्या पिल्लाचं काळीज ज्या आयत्या चरबीनं पिवळं होतं, ती चरबी अशाच एका पिवळट काळजात तयार झालेली असते.